अठ्ठेचाळीस मतांची बेरीज आणि तिचा ताळा

खास प्रतिनिधी, मुंबई

बेरीज हा अंकगणिताचा पहिला धडा. त्यामुळे संगणकाला बेरीज करावयास सांगण्यात कठीण ते काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. मात्र या साध्या क्रियेवर केवढा भार असू शकतो, याचा प्रत्यय मुंबईच्या उपनगरांना ४ जून २०२४ रोजी आला. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, वर्सोवा आणि दिंडोशी हा पट्टा सामावणाऱ्या मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी त्या दिवशी गोरेगावच्या नेस्को संकुलात झाली. मतदान यंत्रांतील मतांची बेरीज पूर्ण झाली तेव्हा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांच्या खात्यात ४,५१,०९५ मते होती, तर शिवसेनेचे रवींद्र वायकर यांच्या खात्यात ४,५१,०९४. फरक अवघ्या एका मताचा! त्यात टपाली मते मिळवण्यात आली. वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ टपाली मते मिळाली होती. अंतिम बेरीज अनुक्रमे ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६ झाली आणि वायकर ४८ मतांनी विजयी ठरले. त्या लोकसभा निवडणुकीतील देशातील हे सर्वांत कमी मताधिक्य होते.

या निकालाला पुढे न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती याचिका फेटाळली. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचा येथे हेतू नाही. नऊ लाखांहून अधिक मतांच्या दोन बेरजा आणि त्यांतील फरक पन्नासाहूनही कमी, या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. शेकडो यंत्रांवरील आकडे एकापुढे एक मांडून त्यांची बेरीज करणे, या कामाला प्रोग्रामिंगच्या परिभाषेत ‘अ‍ॅरेची बेरीज’ म्हणतात. ती कशी होते, कोठे चुकू शकते आणि चुकली तर कशी पकडावी, याची ही ओळख.

अ‍ॅरे म्हणजे काय?

अ‍ॅरे म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची क्रमवार रांग. टपाल कार्यालयातील पेट्यांची भिंत डोळ्यांसमोर आणावी. सर्व पेट्या एकाच मापाच्या, एकमेकींना लागून आणि प्रत्येकीवर क्रमांक. पेटीतील वस्तू म्हणजे ‘मूल्य’ आणि पेटीवरील आकडा म्हणजे ‘क्रमांक’ किंवा ‘इंडेक्स’. संगणकाच्या स्मृतीतही अ‍ॅरेचे घटक असेच लागोपाठ ठेवलेले असतात. पहिल्या घटकाचा पत्ता आणि एका घटकाची लांबी ठाऊक असली की कोणत्याही घटकाचा पत्ता एका गुणाकाराने आणि एका बेरजेने काढता येतो.

मुंबई वायव्य मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत : जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व. एखाद्या उमेदवाराला या सहा क्षेत्रांत मिळालेली मते क्रमाने लिहिली की सहा घटकांचा अ‍ॅरे तयार होतो. प्रत्येक क्षेत्रातील सर्व मतदान केंद्रे आडव्या ओळींत आणि सर्व उमेदवार उभ्या रकान्यांत मांडले की द्विमिती अ‍ॅरे होतो. निवडणूक अधिकारी ज्याला ‘नमुना २०’ म्हणतात, तो अंतिम निकालपत्रक याच स्वरूपाचा तक्ता असतो.

आज सहज वाटणारी ही सोय संगणकाच्या जन्माबरोबर आलेली नाही. अगदी आरंभीच्या संगणकांत रांगेतील पुढचा आकडा उचलण्यासाठी चालू आज्ञावलीला स्वतःच्याच आज्ञेतील पत्ता बदलावा लागे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकात १९४९ मध्ये इंडेक्ससाठी स्वतंत्र जागा ठेवण्यात आली आणि ही कसरत संपली. पुढे आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये ‘फोरट्रान’ ही भाषा आणली. तिच्यात अ‍ॅरे आणि त्यावरून फिरणारे ‘लूप’ यांना भाषेतच स्थान मिळाले.

चार ओळींची आज्ञावली

अ‍ॅरेची बेरीज करण्याची रीत कोणत्याही भाषेत मूलतः एकच आहे. मराठीत लिहावयाची तर ती अशी होईल :

एकूण = ०
क्रमांक ० पासून ५ पर्यंत एकेक वाढवत जा, आणि प्रत्येक वेळी
एकूण = एकूण + मते[क्रमांक]
शेवटी एकूण छापा

तिसऱ्या ओळीतील ‘=’ हे चिन्ह शाळेतील बरोबरीचे चिन्ह नव्हे. उजवीकडील बेरीज करून ती डावीकडील खात्यात ठेव, असा त्याचा अर्थ. उदाहरणादाखल मते या अ‍ॅरेत १२, ७, २५, ०, ९ आणि ३१ हे सहा आकडे आहेत असे समजू. ‘एकूण’ या खात्यातील रक्कम पायरीपायरीने १२, १९, ४४, ४४, ५३ आणि ८४ अशी होत जाते. दुकानदार वहीतील आकड्यांवरून बोट फिरवत तोंडाने चालती बेरीज करतो, तीच ही पद्धत.

घटक कितीही असोत, आज्ञावली चारच ओळींची राहते आणि काम घटकांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. सहा घटकांना सहा बेरजा, सहा लाखांना सहा लाख. पूर्ण संख्यांच्या बेरजेत क्रमाने फरक पडत नाही, हा आणखी एक लाभ. त्यामुळे काम वाटून देता येते. मतमोजणीत नेमके हेच होते. प्रत्येक विधानसभा क्षेत्राची मोजणी स्वतंत्र, त्यात सर्वसाधारणपणे १४ टेबले, प्रत्येक टेबलावर एका वेळी एका केंद्राचे यंत्र. फेरीची बेरीज, फेऱ्यांची मिळून क्षेत्राची बेरीज आणि सहा क्षेत्रांची मिळून मतदारसंघाची बेरीज. गूगल कंपनीच्या दोन अभियंत्यांनी २००४ मध्ये ‘मॅपरिड्यूस’ या नावाने हजारो संगणकांवर काम वाटण्याची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

रीत एवढी सोपी असूनही ती चार ठिकाणी हमखास चुकते. त्या चार जागा म्हणजेच अचूक बेरजेच्या चार अटी.

पहिली अट : आरंभ शून्यापासून

‘एकूण = ०’ ही पहिली ओळ नवशिक्या विद्यार्थ्याला अनावश्यक वाटते आणि तो ती गाळतो. सी भाषेत फंक्शनच्या आत घोषित केलेले साधे व्हेरिएबल आपोआप शून्य होत नाही. त्या जागी स्मृतीत आधी जे काही पडलेले असेल, तेच त्यात असते. बेरीज मग त्या अज्ञात आकड्यापासून सुरू होते. दोन उमेदवारांची बेरीज एकाच खात्यात लागोपाठ करताना मध्ये ते शून्य करावयाचे राहिले, तर पहिल्याची मते दुसऱ्याच्या पदरात पडतात.

मतदान केंद्रावर या ओळीचे काम प्रत्यक्ष केले जाते. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेतले जाते. निकाल पाहून ताळमेळ घेतला जातो आणि मग यंत्रावरील ‘क्लिअर’ बटण दाबून सर्व आकडे शून्य झाल्याचे दाखवले जाते. हे बटण दाबावयाचे राहून गेले, तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात. अशा यंत्रासाठी निवडणूक आयोगाने वेगळी कार्यपद्धती ठरवली आहे, तिचा उल्लेख पुढे येईल.

दुसरी अट : पहिला आणि शेवटचा घटक

सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन अशा बहुतेक प्रचलित भाषांत अ‍ॅरेची मोजणी शून्यापासून होते. सहा घटकांचे क्रमांक ० ते ५ असतात. फोरट्रानमध्ये ती मुळात एकापासून होते. शून्यापासून मोजणे अधिक सोयीचे का, याचे विवेचन डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात केले होते. तरीही माणसाच्या मनात मोजणी ‘एक’पासूनच सुरू होते आणि घोटाळा तेथेच होतो.

वरील उदाहरणात लूप चुकून १ पासून सुरू केले, तर पहिला घटक गळतो आणि बेरीज ८४ ऐवजी ७२ येते. लूप ६ पर्यंत नेले, तर अस्तित्वात नसलेला सातवा घटक वाचला जातो. जावा आणि पायथॉन अशा वेळी आज्ञावली थांबवून चूक दाखवतात. सी भाषा ही तपासणी स्वतःहून करत नाही. शेजारच्या जागेत जे असेल, ते मुकाट्याने बेरजेत मिळवले जाऊ शकते. उत्तर आले, ते आकड्यासारखे दिसले, म्हणून ते बरोबर आहे असे मानणे येथे धोक्याचे ठरते. प्रोग्रामर मंडळी या चुकीला ‘एकाने चुकणे’ असे म्हणतात. एक घटक म्हणजे एक मतदान केंद्र असेल आणि निकाल ४८ मतांवर ठरणार असेल, तर एकाने चुकण्याची किंमत वेगळी सांगावयास नको.

तिसरी अट : बेरीज मावेल एवढे भांडे

संगणकातील प्रत्येक संख्येला ठरावीक जागा दिलेली असते. १६ बिटांच्या चिन्हांकित जागेत ३२,७६७ पर्यंतची संख्या मावते, ३२ बिटांत २,१४,७४,८३,६४७ पर्यंतची. मुंबईच्या उपनगरांतील अनेक महाविद्यालयांत आणि संगणक क्लासमध्ये वर्षानुवर्षे ‘टर्बो सी’ या कंपायलरवर सी भाषा शिकवली गेली. त्यात ‘इंट’ या प्रकाराला १६ बिटच मिळत. अंधेरीच्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यात ४,५१,०९४ मतांची बेरीज ‘इंट’मध्ये साठवली असती, तर पडद्यावर उणे ७,६५८ हा आकडा उमटला असता! जागा संपली की संख्या मोटारीच्या जुन्या मीटरप्रमाणे उलटते आणि पुन्हा खालून सुरू होते. याला ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात.

यातील मेख अशी की, प्रत्येक घटक लहान असूनही बेरीज मोठी होते. एका मतदान यंत्रात जास्तीत जास्त २,००० मते नोंदली जातात. म्हणजे प्रत्येक घटक १६ बिटांत आरामात मावतो. मात्र शेकडो घटकांची बेरीज त्यात मावत नाही. म्हणून ‘एकूण’ या खात्याचा प्रकार घटकांच्या प्रकारापेक्षा मोठा निवडावा, हा नियम. ३२ बिटही प्रत्येक वेळी पुरतात असे नाही. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सुमारे ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. तो रुपयांत मांडला तर ३२ बिटांच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जातो. तेथे ६४ बिटांना पर्याय नाही. यूट्यूबवर ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही ३२ बिटांची मर्यादा गाठली, तेव्हा २०१४ मध्ये त्या संकेतस्थळाला आपला गणक ६४ बिटांचा करावा लागला होता.

चौथी अट : अपूर्णांक आणि हातचा

पूर्ण संख्यांची बेरीज नेमकी असते. अपूर्णांकांची तशी असेलच असे नाही. एक भागिले तीन ही संख्या दशांशात लिहिताना जशी ०.३३३… अशी न संपणारी होते, तसाच ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत न संपणारा असतो. संगणक तो कोठेतरी तोडतो. त्यामुळे ०.१ दहा वेळा लूपने मिळवले, तर अनेक भाषांत उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. फरक नगण्य वाटतो, पण लाखो बेरजांत तो साचत जातो.

कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराने हे अनुभवले. तेथील निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १,००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढताना तिसऱ्या दशांशस्थळापुढील भाग जवळच्या अंकाकडे न वळवता सरळ तोडला जात होता. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ वर उतरला होता. योग्य रीतीने पुन्हा हिशेब केला तेव्हा तो १,०९८ च्या वर निघाला. म्हणजे प्रत्यक्षात वधारलेला बाजार कागदोपत्री अर्ध्यावर आला होता.

यावर उपाय दोन. पैशांचा हिशेब असेल तर तो रुपये आणि दशांशांत न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवावा. दुसरा उपाय गणितज्ञ विल्यम कॅहन यांनी १९६५ मध्ये मांडला. प्रत्येक बेरजेत जो बारीकसा अंश गळतो, तो वेगळ्या खात्यात जपून ठेवावयाचा आणि पुढच्या बेरजेत परत मिळवावयाचा. प्राथमिक शाळेत आपण ‘हातचा एक’ धरत होतो, त्याचेच हे दूरचे भावंड म्हणता येईल. पायथॉन भाषेच्या २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीपासून तेथील तयार ‘सम’ हे फंक्शन अपूर्णांकांसाठी याच जातीची पद्धत वापरते.

रिकामे खाते म्हणजे शून्य नव्हे

वरील उदाहरणातील चौथा घटक शून्य होता. शून्य म्हणजे मोजून आलेले शून्य. आकडा मिळालाच नाही, ही वेगळी स्थिती. पुष्कळशा आज्ञावल्या दोन्हींना एकच वागणूक देतात आणि बेरीज कमी भरते.

निवडणूक आयोगाने या भेदाची दखल घेतली आहे. एखादे यंत्र निकाल दाखवत नसेल किंवा चाचणीची मते त्यातून पुसली गेली नसतील, तर ते बाजूला ठेवले जाते. बाकी सर्व मोजणी झाल्यावर आघाडीच्या दोन उमेदवारांतील फरक आणि बाजूला ठेवलेल्या केंद्रांवरील एकूण मते यांची तुलना होते. फरक त्या मतांहून अधिक असेल, तर त्या केंद्राने निकाल बदलणार नसतो. फरक कमी किंवा तेवढाच असेल, तर तेथील व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. गहाळ घटकाकडे केव्हा दुर्लक्ष चालेल, याचे हे नेमके गणिती उत्तर आहे. ४८ मतांच्या लढतीत असे दुर्लक्ष करण्याजोगे केंद्र जवळजवळ उरतच नाही.

भाषा तितक्या तऱ्हा

आज बहुतेक भाषांत बेरजेचे तयार फंक्शन मिळते. पायथॉनमध्ये ‘सम’, पीएचपीमध्ये ‘अ‍ॅरे सम’, सी प्लस प्लसमध्ये ‘अक्युम्युलेट’, जावामध्ये २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून ‘स्ट्रीम’ची ‘सम’, तर जावास्क्रिप्टमध्ये ‘रिड्यूस’. लूप लिहिण्याचे श्रम वाचतात, अटी मात्र वाचत नाहीत. सी प्लस प्लसच्या ‘अक्युम्युलेट’ला आरंभमूल्य म्हणून पूर्णांकी शून्य दिले, तर अपूर्णांकांचा दशांश भाग प्रत्येक पायरीवर गळतो. जावामध्ये ‘इंट’ संख्यांच्या ‘स्ट्रीम’ची बेरीज मर्यादेबाहेर गेली, तरी कोणतीही सूचना न देता ती उलटते.

जावास्क्रिप्टची तऱ्हा सर्वांत मासलेवाईक. तेथे ‘+’ हे चिन्ह संख्यांची बेरीज करते आणि अक्षरे एकमेकांना जोडतेही. अर्जातून आलेले आकडे अक्षररूपात राहिले आणि शून्यापासून बेरीज सुरू केली, तर १२ आणि ७ यांचे उत्तर १९ न येता ०१२७ येते. बेरीज करण्यापूर्वी प्रत्येक घटक खरोखर संख्या आहे का, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

आडवी बेरीज, उभी बेरीज

चारही अटी पाळल्या, तरी उत्तर बरोबर आहे हे कशावरून? येथे संगणकाहून जुनी असलेली एक सवय उपयोगी पडते. तिचे नाव ताळा. मराठी शाळांतून ‘नवाचा ताळा’ शिकवला जात असे. संख्येतील अंक एक अंक उरेपर्यंत मिळवत जावयाचे. ४,५१,०९४ चे अंक मिळवून २३ आणि पुन्हा मिळवून ५. १,५५० चे ११ आणि मग २. पाच आणि दोन सात. अंतिम आकडा ४,५२,६४४ चे अंक मिळवून २५, म्हणजे ७. ताळा जमला. दुसऱ्या बाजूला ६ आणि ७ मिळून १३, म्हणजे ४, आणि ४,५२,५९६ चे ३१, म्हणजे ४. तोही जमला.

मात्र या ताळ्याला एक आंधळी जागा आहे. अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही. १,५५० ऐवजी कोणी १,५०५ असे टंकित केले असते, तरी ताळा जमलाच असता आणि ४८ चे मताधिक्य ३ वर आले असते. म्हणून मोठ्या हिशेबात आडव्या-उभ्या बेरजेचा ताळा घेतात. तक्त्यातील प्रत्येक ओळीची बेरीज त्या केंद्रावर झालेल्या मतदानाशी जुळली पाहिजे, आणि ओळींच्या बेरजांची बेरीज रकान्यांच्या बेरजांच्या बेरजेएवढी आली पाहिजे. एकाच अ‍ॅरेतून दोन वाटांनी जाऊन एकाच आकड्यावर पोहोचणे, हा त्याचा अर्थ.

बेल्जियममधील एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ब्रुसेल्स शहरातील स्कारबेक येथे मे २००३ च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मोजणीत एका उमेदवाराला शक्य असलेल्या मतांपेक्षाही अधिक मते पडल्याचे दिसले. पुन्हा मोजणी केली तेव्हा फरक निघाला नेमका ४,०९६ मतांचा. ही संख्या म्हणजे दोनचा बारावा घात. स्मृतीतील एकच बिट शून्याचे एक झाले असावे, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. आज्ञावलीत चूक सापडली नव्हती. बेरीज दुसऱ्या एका आकड्याशी विसंगत होती, म्हणूनच चूक उघडकीस आली. चुकीचा आकडा शक्यतेच्या मर्यादेत बसला असता, तर तो कोणाच्या लक्षातही आला नसता.

आपल्याकडे या ताळ्याची साधने कागदावर आहेत. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष ‘नमुना १७ सी’मध्ये नोंदवलेल्या मतांचा हिशेब लिहितात आणि त्याची साक्षांकित प्रत उपस्थित प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी यंत्रावरील एकूण मते या आकड्याशी ताडून पाहिली जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधील आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्रांतील आकड्यांशी जुळवल्या जातात. फेऱ्यांचे आकडे आयोगाच्या ‘एन्कोर’ या संगणक प्रणालीत भरले जातात आणि कागदावरही राहतात. मुंबई वायव्यच्या मोजणीत नाकारलेल्या टपाली मतपत्रिकांची पुन्हा पडताळणी झाली होती. यांतील प्रत्येक पायरी म्हणजे बेरजेकडे जाणारी आणखी एक वाट आहे.

घरचा हिशेब

हे सारे केवळ निवडणुकीपुरते नाही. बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत देखभाल खर्चाचा तक्ता आता एक्सेलसारख्या प्रणालीत असतो, आणि तेथील ‘सम’ म्हणजे अ‍ॅरेचीच बेरीज. वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेबावरून वाद होण्यापूर्वी खजिनदाराने पुढील गोष्टी तपासाव्यात.

एक, एखादी रक्कम अक्षररूपात साठवली गेली असेल, तर रकान्याच्या बेरजेत ‘सम’ ती धरत नाही आणि तसे सांगतही नाही. अशी रक्कम बहुधा चौकटीच्या डाव्या कडेला चिकटलेली दिसते.

दोन, नवा सदस्य तक्त्याच्या अगदी शेवटी जोडला, तर बेरजेच्या सूत्रातील मर्यादा प्रत्येक वेळी पुढे सरकतेच असे नाही. शेवटची सदनिका गळते. ‘एकाने चुकणे’ ते हेच.

तीन, लपवलेल्या ओळीही ‘सम’ मोजते. पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज आणि तळाचा आकडा मग जुळत नाही.

चार, प्रत्येक महिन्याच्या जमेची उभी बेरीज आणि प्रत्येक सदनिकेच्या जमेची आडवी बेरीज घ्यावी. दोन्हींचे अंतिम उत्तर एक आले पाहिजे आणि ते बँकेच्या पासबुकाशीही जुळले पाहिजे.

राजकारणात ‘बेरजेचे राजकारण’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. संगणकाच्या बेरजेला मात्र गोळाबेरीज चालत नाही. ती चार ओळींत लिहिता येते, पण तिच्यावरील विश्वास त्या चार ओळींतून येत नाही. ज्याला शंका आहे त्याला तेच आकडे हाती घेऊन, वेगळ्या कागदावर, वेगळ्या वाटेने तीच बेरीज करता आली पाहिजे. मतदान केंद्रावरून नमुना १७ सीची प्रत घेऊन निघालेला प्रतिनिधी आणि सोसायटीच्या सभेत पासबुक मागणारा सभासद एकच काम करत असतात. दोघेही ताळा पाहत असतात.